बैगाचकची गोंदणारीण

आपल्या आजीच्या हनुवटीवरचे हिरवे टिंब आपणांस आठवत असेल. कदाचित मनगटावरचे तुळशीवृंदावनही आठवेल. पण ते कोणी गोंदले, हे आपण तिला क्वचितच विचारले असेल. गोंदण डोळ्यांत भरते आणि गोंदणारा हात विस्मृतीत जातो. त्या हाताची ओळख करून घ्यावयाची असेल, तर मध्य प्रदेशातील दिंडोरीस चला.

ही नाशिकजवळची दिंडोरी नव्हे. जबलपूरहून कुंडम, शहापुरा या मार्गाने आपण नर्मदाकाठी पोचतो, तेथील ही दिंडोरी. १९९८ साली मंडल्यापासून तिचा वेगळा जिल्हा झाला. पुढे मैकल पर्वताच्या रांगा आणि सालवृक्षांचे अरण्य लागते. इंग्रज सरकारने १८९० मध्ये बैगा लोकांसाठी आखून दिलेला बैगाचक हा मुलूख याच अरण्यात आहे.

येथील वयस्क स्त्रियांचे कपाळ, पाठ, हात, पाय गोंदणाने भरलेले दिसतात. मेल्यावर सोनेनाणे येथेच राहते, गोंदण तेवढे बरोबर येते, अशी त्यांची श्रद्धा. मात्र बैगा स्त्रिया स्वतः गोंदत नाहीत. हे काम परंपरेने बादी समाजातील स्त्रियांचे. त्यांना बदनीन म्हणतात.

बदनीनचे सामान थोडके असते. कारळे भाजून धरलेली काजळी, बारीक काडी आणि एकत्र बांधलेल्या सुया. काडीने ती आकृती रेखाटते आणि मग त्या रेघेवरून सुया टोचत जाते. समोर नमुना नसतो. हळदीची गाठ, मोर, माशी, माशाचा काटा, टोपली, सारे तिला मुखोद्गत. काजळी वरच्या कातडीत राहिली तर कातडीबरोबर झडून जाते; फार खोल गेली तर रेघ फुटते. दोहोंमधला थर तिला बोटांनीच ओळखावा लागतो, आणि चुकलेली रेघ पुसता येत नाही. पावसाळ्यात जखम चिघळते, म्हणून हंगाम हिवाळ्याचा. मजुरी पूर्वी बहुधा धान्याच्या रूपाने मिळे.

पहिले गोंदण कपाळावर, मुलगी आठेक वर्षांची असताना. बाकीचे अंग पुढे अनेक वर्षांत भरत जाते. येथेच आपले मन अडखळते. आठ वर्षांच्या मुलीला कोण विचारतो? आज शाळेत जाणाऱ्या कित्येक मुली गोंदून घेण्यास नकार देतात. तो नकार कोणी उद्धटपणा मानू नये. एकच सुई अनेकांना टोचली तर कावीळ ‘ब’ आणि एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो, हेही आता आपणांस ठाऊक आहे. दर माणसास नवी निर्जंतुक सुई हवी, मग गोंदणारा शहरातला असो वा जत्रेतला.

पण मुलीचा नकार रास्त असला, तरी बदनीनच्या हातची विद्या वाया जाण्याचे कारण नाही. बिहारमधील मधुबनीजवळच्या जितवारपूर गावी १९७० नंतरच्या दशकात चानो देवी आणि इतर दुसाध स्त्रियांनी गोंदणाच्या आकृती कागदावर उतरविल्या. एरिका मोसर या जर्मन अभ्यासक बाईंनी त्यांना उत्तेजन दिले, आणि ‘गोदना’ ही मिथिला चित्रांची स्वतंत्र शैली ठरली. दिंडोरीकडेही अंगावरच्या रेघा आता कापडावर व कागदावर उमटू लागल्या आहेत. ज्यांना अंगावर गोंदण हवे, त्यांनी ते जाणत्या वयात, स्वखुशीने घ्यावे.

आपण त्या बाजूस गेलात, तर हिवाळ्यात जावे. कोणाचेही छायाचित्र विचारल्यावाचून घेऊ नये. एखादे चितारलेले कापड विकत घेतलेत, तर ते करणारीचे नाव अवश्य विचारावे. आणि घरी परतल्यावर, आजी असेल तर, तिच्या हनुवटीवरचे टिंब कोणी गोंदले, हेही तिला विचारावे.