नार्वेचा देव आणि सात बहिणी

आम्हा बेळगावकरांचा गोवा म्हणजे कळंगुट, बागा आणि परत येताना काजूची पिशवी. चोर्ला घाट उतरला की साखळी आणि डिचोली ही गावे खिडकीतून बघायची, फार तर एक चहा घ्यायचा. पेडणे तर आपल्या वाटेवरही नाही. मीही वीस वर्षे असाच गेलो-आलो. यंदा दिवाळीच्या सुट्टीत मात्र मुद्दाम हेच दोन तालुके बघायचे ठरवले. त्याला कारण आमच्या सासूबाई.

सासूबाई धारवाडकडच्या. घरात मुले त्यांना अज्जी म्हणतात, म्हणून मीही अज्जीच म्हणतो. गोव्याचे नाव काढताच त्यांनी विचारले, "कुडियाक हुंटीरेनु?" गोवा म्हणजे दारू, हे त्यांच्या मनात पक्के बसलेले. मी म्हटले, "नाही अज्जी, हलशीच्या कदंबांचा देव बघायला." हलशीचे भूवराह-नरसिंहाचे देऊळ त्यांनी लग्नानंतर नवऱ्याबरोबर पाहिलेले. त्या गप्प बसल्या आणि संध्याकाळी पिशवी भरू लागल्या.

घरात तेव्हा जरा तणातणीही होती. मुलगा नववीत. शाळेच्या फॉर्मवर मातृभाषेचा रकाना होता. मी म्हणालो मराठी, सौ. म्हणाली आईची भाषा ती मातृभाषा, म्हणजे कन्नड. थट्टेत सुरू झालेले बोलणे दोघांनाही झोंबले. फॉर्म टीव्हीवर तसाच पडून होता. आपल्या भागातल्या बऱ्याच घरांत हा प्रसंग येऊन गेला असेल, म्हणून सांगतो.

जांबोटी, कणकुंबी करत घाट उतरलो. पाऊस संपला असला तरी डोंगरावरून पाण्याच्या बारीक धारा येत होत्या. साखळीजवळ हरवळ्याला थांबलो. जांभ्या दगडात कोरलेली लेणी, आत शिवलिंगे. लोक त्यांना पांडवांची लेणी म्हणतात. जवळच रुद्रेश्वराचे देऊळ आणि धबधबा. मुलांना अर्थातच धबधबाच आवडला. पायऱ्या निसरड्या असतात, वडीलधाऱ्यांना हात द्यावा.

दुपारी नार्वेला पोचलो. डिचोली तालुक्यातले हे लहानसे गाव. सप्तकोटेश्वराचे देऊळ झाडीत, उतारावर. शिखर उंच नाही, भपका नाही. कौलारू छप्पर, मागे घुमट, पुढे दीपमाळ. गोवा सरकारने केलेल्या जीर्णोद्धारानंतर २०२३ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा खुले झाले. आत धारालिंग आहे, म्हणजे गोल नव्हे, पैलू पाडलेले. सप्तर्षींनी सात कोटी वर्षे तप केले म्हणून सप्तकोटेश्वर, अशी कथा.

या देवाइतका फिरलेला देव मी दुसरा ऐकला नाही. हा गोव्याच्या कदंबांचा आराध्य देव. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर त्याचे नाव असे. या राजांचे शिलालेख संस्कृतात आणि कन्नडात. गोव्याबरोबर आपली हलशीही त्यांची राजधानी. त्यांचीच राणी कमलादेवी, जिने बाराव्या शतकात कित्तूरजवळ देगावे येथे कमलनारायणाचे देऊळ बांधले. गोव्याच्या एस.टी.वर 'कदंब' लिहिलेले असते आणि सिंहाचे चित्र असते, ते या घराण्यावरून.

देवाचे मूळ ठिकाण नार्वे नव्हे. ते नदीपलीकडे, दिवाडी बेटावर. बहामनी काळात तिथले देऊळ मोडले, चौदाव्या शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधवमंत्र्याने पुन्हा बांधले. पोर्तुगिजांनी १५४० मध्ये ते पाडले. लिंग काही काळ विहिरीच्या कामाला लावले होते असे सांगतात. डिचोलीच्या देसायांनी, नारायण शेणवी सूर्यराव यांनी, ते मांडवीच्या अलीकडे आणले. पुढे १६६८ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी इथे देऊळ उभारण्याची आज्ञा केली. शके १५९० चा तो लेख देवळात आहे.

हे मी मुलाला सांगत होतो, म्हणजे वर्गातल्यासारखे जरा लांबवत होतो. त्याने मध्येच विचारले, "मग हा देव कुणाचा? आपला की अज्जीचा?" मी सौ.कडे पाहिले, तिने माझ्याकडे. अज्जी दीपमाळेच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "नम्म देवरु." आणि मग त्यालाच विचारले, "नम्म म्हणजे काय रे मराठीत?"

तो म्हणाला, "आपला."

त्याच्या लक्षातही आले नाही. मराठीत 'आमचा' आणि 'आपला' हे दोन वेगळे शब्द. कन्नडात दोन्हींना 'नम्म' एकच. भाषा शिकवणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवे होते.

देवळापासून फेरीबोटीच्या धक्क्यावर गेलो. समोर दिवाडी दिसते. बोट पलीकडे जाऊन परत येईस्तोवर अज्जी पाण्याकडे बघत उभ्या होत्या. एवढे जड लिंग त्या काळी होडीतून कसे आणले असेल, एवढेच त्यांनी विचारले.

मये तळ्यावर तासभर घालवला आणि दुसऱ्या दिवशी शिरगावला गेलो. लईराई देवीचे हे गाव. वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेत व्रत पाळलेले धोंड हातात वेत घेऊन पहाटे निखाऱ्यांवरून चालतात. आपल्याकडूनही भाविक जातात. २०२५ च्या जत्रेत, ३ मेच्या पहाटे, चेंगराचेंगरी होऊन काही भाविक मृत्युमुखी पडले. आम्ही गेलो तेव्हा देऊळ शांत होते. अज्जींनी देवीच्या आधी त्या माणसांसाठी हात जोडले. गावाच्या कडेला लोखंडाच्या खाणींचे उकरलेले डोंगर आहेत, लाल आणि उघडे. खाणी २०१२ मध्ये बंद झाल्या, सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, आता डिचोलीत परत सुरू झाल्या आहेत. त्यावर कुणाची पोटे आहेत आणि कुणाच्या विहिरी, हे दोन दिवसांच्या पाहुण्याने बोलू नये.

लईराईला बहिणी आहेत. मुळगावची केळबाई, मयेची महामाया, पेडण्यात मोरजीची मोरजाई. आणि एक बहीण मिराबाई, ती म्हणे म्हापशाला जाऊन ख्रिस्ती झाली, मिलाग्रिस सायबीण. ईस्टरनंतर म्हापशाच्या चर्चमध्ये तिचे फेस्त असते, तेव्हा हिंदूही तेल घेऊन जातात. बहिणीने धर्म बदलला तरी नाते सुटले नाही. अज्जींना यात नवल वाटले नाही. यल्लम्मेच्या मुलखातल्या बाईला देवींचे बहीणभांडण ठाऊक असते.

मग मोरजाईला भेटणे आलेच. मोरजीचा किनारा तसा गजबजलेला, पण टेंब भागात थंडीत समुद्री कासवे अंडी घालायला येतात, तेवढी वाळू राखून ठेवलेली आहे. पेडणे गावात भगवती देवीच्या दोन्ही बाजूंना दगडी हत्ती आहेत. धाकटी तिथून हलेना. वाटेत मोपाचे पठार लागले, जिथे २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उतरतात.

शेवट तेरेखोलला. केरीहून नदी ओलांडावी लागते. किल्ला नदीच्या उत्तर काठावर, सिंधुदुर्गाच्या जमिनीला चिकटून, पण गोव्यात. १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी तो सावंतवाडीच्या भोसल्यांकडून घेतला. १९५४ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा लावला होता. मुलगा म्हणाला, "बाबा, ही सीमा चुकलीय." सीमाभागातल्या पोराला हे लगेच दिसते.

परतताना कणकुंबीत चहा घेतला. अज्जींनी जाहीर केले की आता हलशी पुन्हा बघायची, देव बघितला पण त्याच्या राजांचे गाव राहिले. पुढच्या रविवारी खानापूर, नंदगड करून जाणार आहोत. फॉर्म सोमवारी द्यायचा आहे. तो भरायला मुलाने स्वतःकडे घेतला आहे.