मेडिक सापडला!

परवा रात्री पावणेबाराला मी खुर्चीतून उठून एवढ्यांदा ओरडलो की बायकोच्या झोपेचं खोबरं झालं. "कोण गेलं?" तिने घाबरून विचारलं. अहो, कोणीच गेलं नव्हतं, हीच तर बातमी होती! शत्रूची तोफ आमच्यावर सलग आग ओकत होती आणि आमच्यातला एकही माणूस पडला नव्हता. कोणामुळे? माझ्यामुळे. त्या आख्ख्या डावात मी एकही गोळी झाडली नव्हती.

थांबा, पहिल्यापासून सांगतो. टीम फोर्ट्रेस २ हा गेम २००७ मध्ये आला, २०११ पासून तो फुकट आहे आणि माझा म्हातारा लॅपटॉप तो कुरकुर न करता चालवतो. एवढ्या भांडवलावर पुतण्याने गणपतीच्या सुट्टीत तो मला लावून दिला. बारा विरुद्ध बारा, नऊ प्रकारची पात्रं. मी अर्थातच रॉकेट डागणारा सोल्जर घेतला आणि आठवडाभर स्वतःच्याच रॉकेटने स्वतःला उडवत राहिलो. शेवटी पोरगं वैतागून म्हणालं, "काका, तू मेडिक हो. त्यात नेम लागत नाही."

थट्टाच केली त्याने. पण मी झालो मेडिक, आणि काय सांगू तुम्हाला!

मेडिकच्या हातात मेडिगन असते. आपल्या माणसावर रोखून बटण दाबलं की तिच्यातून रंगीत धार निघते, त्याला चिकटते आणि सेकंदाला २४ या वेगाने त्याची हेल्थ भरू लागते. त्याने पंधराएक सेकंद मार खाल्लेला नसेल तर हाच वेग तिप्पट होतो! म्हणजे ऐन गोळीबारात माणूस सावरायला जो वेळ लागतो, त्याच्या तिसऱ्या हिश्शात तो आडोशाला आलेला असताना सावरतो. तेव्हा जखमी माणसामागे पुढे धावायचं नाही, त्यालाच मागे येऊ द्यायचं. हे कळायला मला सहा मरणं लागली.

पहिले चार दिवस तर मी एका हेवीच्या मागे उपरण्याची गाठ मारल्यासारखा फिरत होतो. हेवी म्हणजे ३०० हेल्थचा पहिलवान, वाटायचं याला जगवलं की झालं. इकडे मागून ई बटण दाबून दाबून बाकीचे कोकलतायत, "मेडिक! मेडिक!" त्यांच्या डोक्यांवर क्रॉसचे फुगे उगवतायत, भिंतीपलीकडूनही दिसतायत, आणि मी आपला पहिलवानाला चिकटलेला. एके रात्री असाच सगळा संघ झोपला आणि मला एकदम आमच्या गावची पंगत आठवली. दत्तूकाका वाढायला असले की शेवटच्या पानापर्यंत गरम भात पोचायचा, कारण ते माणसांच्या तोंडांकडे बघायचेच नाहीत, पानांकडे बघायचे. कुठलं पान रिकामं आहे, तेवढंच. आणि मी काय करत होतो? नवऱ्या मुलाच्या पानावर जिलब्यांचा डोंगर रचत होतो!

त्या रात्रीपासून मी वाढपी झालो. गेममध्ये आग्रहाचीसुद्धा सोय आहे हो! भरलेल्या माणसाला भरत राहिलं की त्याची हेल्थ दीडपट होते, हेवीची ४५०, सोल्जरची २०० वरून ३००. याला ओव्हरहील म्हणतात. ही वरची भर हळूहळू उतरत जाते, म्हणून लढाई तोंडावर आली की सगळ्यांना एकेक वाढ, पुढे सरक. कमी हेल्थवाला आधी. पळतपळत. मागे बघत.

मागे बघत, कारण स्पाय! शत्रूचा स्पाय आमच्यापैकी कुणाचंही रूप घेतो, आणि मेडिगनची धार त्या तोतयालाही चिकटते. मी एकाला चांगलं अर्धं मिनिट प्रेमाने बरं केलं. तो बरा झाला, माझ्या मागे आला आणि पाठीत सुरा खुपसला. पाहुणचार फळला म्हणायचा.

पण खरं रहस्य उबर. जखमी माणसाला भरत राहिलं की मेडिगनचा चार्ज वाढत जातो, साधारण चाळीस सेकंदांत पूर्ण. मग दुसरं बटण दाबायचं, आणि आठ सेकंद तुम्ही आणि तुमचा माणूस दोघेही अवध्य! गोळी, रॉकेट, आग, काहीही लागत नाही. मात्र चार्ज भरलेला असताना मेडिक मेला की सगळं पाण्यात. म्हणून १५० हेल्थचा हा डॉक्टर समोरच्यांना सगळ्यात आधी हवा असतो. आणि समोरही मेडिक असतोच, त्याचाही चार्ज शिजत असतो. मी आता हेडफोनमध्ये बंदुकांचे आवाज ऐकत कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात तसे त्याचे सेकंद मोजतो. हे कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप सुरू झालं!

तर परवा. बॅडवॉटर नावाचा नकाशा. बॉम्बची गाडी ढकलत न्यायची होती, आणि शेवटच्या वळणाशी शत्रूच्या इंजिनियरची तिसऱ्या पातळीची सेंट्री, म्हणजे तोफ, आमचा चेंदा करत होती. माझा चार्ज पूर्ण. आमचा डेमोमॅन शेजारी उड्या मारतोय, सोड, सोड. मी सोडला नाही. तेवढ्यात समोरच्या मेडिकनेच आधी सोडला! त्याचा सोल्जर चकाकत अंगावर आला. आम्ही सगळे ढुंगणाला पाय लावून मागे पळालो, आणि त्यांची आठ सेकंदं रिकाम्या गल्लीत विरून गेली. आता! मी बटण दाबलं, डेमोमॅन वळणावर शिरला. सेंट्रीच्या माऱ्याने आम्ही मागे रेटले जात होतो, पण लागत काहीच नव्हतं. मध्येच धार आमच्या सोल्जरकडे वळवली, परत डेमोकडे, म्हणजे दोघेही तगले. चार्ज भराभर उतरला, पण त्याआधी तोफ फुटली! उबरमधल्यांना गाडी ढकलता येत नाही, ती मागच्या तिघांनी ढकलली. मी ओरडलो ते तेव्हा.

डेमोमॅनने लिहिलं, "थँक्स मेडिक." मी ते बायकोला वाचून दाखवत होतो. ती बघेपर्यंत पुढचा डाव सुरू झाला होता, कुठेतरी भिंतीपलीकडे क्रॉसचा फुगा उगवला होता. हेल्थ चाळीस. मी निघालो.