हरल्यानंतरचा दिवस

परीक्षेंत नापास झाल्यापासून चिरंजीव आमच्याशीं बोलत नव्हते. परवां त्यांनीं आपण होऊन मला २०१७ सालच्या दुबईच्या स्क्वॉश-स्पर्धेचें चित्रमुद्रण दाखविलें. बुर्ज खलिफाच्या पायथ्याशीं कांचेच्या भिंतींचें कोर्ट. हंगामांत आघाडीवर राहिलेल्या आठ स्त्रिया व आठ पुरुष. प्रत्येकांचे चार-चारांचे दोन गट. एरवीं एक सामना हरला, कीं खेळाडूनें चंबूगवाळें आवरावें. येथें हरलेला गडी दुसऱ्या दिवशीं पुन्हां उभा! चेंडूची मौज अशी, कीं थंड असतां तो नीट उसळतच नाहीं. आधीं फटके मारून तापवावा लागतो. निकालाच्या दिवशीं मीं काय काय बोललों, तें मला आठवलें. लॉरा मॅसारोनें लागोपाठ दुसऱ्यांदा अजिंक्यपद मिळविलें, हें मीं वाचलें होतें. पण गप्प बसलों.

“बाबा, अंतिम सामना उद्यां पाहूं या?” चिरंजीवांनीं विचारलें.