नेकारकाठचे बिऱ्हाड

दोन खोल्या भाड्याने मिळाल्या, भांडीकुंडी जमली, शेजारणीने विरजण दिले, की बिऱ्हाड थाटले असे आपल्याकडे समजतात. जर्मनीत तेवढ्याने भागत नाही. सरकारदरबारी कागद होईपर्यंत तुमच्या शेगडीवर रोज दूध उतू गेले तरी तुम्ही पाहुणेच. हा धडा आम्ही सहकुटुंब 2019 साली गिरवला.

नोकरीच्या निमित्ताने त्या वर्षी जानेवारीत मी एकटाच इकडे आलो. स्टुटगार्टहून लोकलने पाऊण तासावर, नेकार नदीच्या काठी एक लहानसे गाव आहे. समोरच्या उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेलेले द्राक्षांचे मळे, खाली संथ नदी, आणि रविवारी अशी शांतता की कुकरची शिट्टी वाजवायलाही संकोच वाटावा. स्टुटगार्ट 1968 पासून मुंबईचे भगिनी-शहर आहे म्हणतात. बहिणी-बहिणींत इतका फरक मी दुसरीकडे पाहिला नाही. या भागात भाडेकरूंनी आळीपाळीने आठवडाभर जिना झाडायचा असतो. पाळी आली की दाराला तशी पाटी अडकते. ऑफिसात मी कोणी का असेना, त्या आठवड्यात झाडूवालाच!

2 ऑगस्टला सौ. आणि आमची सात वर्षांची कन्या येऊन दाखल झाल्या. त्यांच्या व्हिशाची मुदत नव्वद दिवसांची, म्हणजे 30 ऑक्टोबरपर्यंत. तेवढ्यात राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. पण त्याआधी चौदा दिवसांच्या आत गावच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी घरमालकाने ‘ही मंडळी माझ्याकडे राहतात’ असे लिहून द्यावे लागते. आमच्या मालकीणबाई सत्तरीच्या. त्यांनी कागदावर सही केली आणि लगेच खाली जाऊन घंटेवर व टपालपेटीवर आमच्या आडनावाची चिठ्ठी चिकटवली. इथे पत्त्यात खोलीचा नंबर नसतो. पेटीवर नाव नसेल तर पत्र आल्या पावली परत जाते!

त्याच आठवड्यात कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या घरी सासूबाई वरच्या मजल्यावर, खालच्या मजल्यात पाणी, आणि इकडे सौ. फोन हातात घेऊन रात्रभर जागी. पूर ओसरला, सासूबाई सुखरूप राहिल्या. पण “आता काही झालं तर मी इतक्या लांब,” हे तिच्या मनात बसले ते बसलेच.

अर्जासोबत द्यायच्या कागदांची थप्पी वीतभर झाली. नोकरीचा करार, पगाराच्या पावत्या, आजारपणाच्या विम्याचा दाखला, विवाहनोंदणीचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, त्यांची शपथबद्ध भाषांतरकाराकडून केलेली जर्मन भाषांतरे. घर किती चौरस मीटर आहे तेही सांगायचे. प्रौढ माणशी बारा चौरस मीटर जागा पुरेशी धरतात. दादरला एका खोलीत आम्ही सात जण वाढलो, हे मी अर्थात लिहिले नाही. फोटो 35 बाय 45 मिलिमीटरचा, आणि त्यात हसायचे नाही. कन्येला सात वेळा बसवावे लागले.

मुलाखतीची तारीख मिळाली 22 ऑक्टोबर. आम्ही निर्धास्त होतो. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सांगलीहून फोन आला की सासूबाई अंगणात पडल्या, खुब्याचे हाड मोडले, मिरजेला शस्त्रक्रिया करायची आहे.

सौ.ने लगेच निघावे तर 22 तारीख चुकणार. तिकडे असताना 30 तारीख उलटली की व्हिसा संपणार, आणि पुन्हा मुंबईत अर्ज करणे आले. पहिल्या खेपेला त्याला अडीच महिने लागले होते. मुलीची शाळा नुकती सुरू झालेली. मी हे सगळे हिशेब मोठ्याने करत होतो. सौ. मुकाट्याने कपड्यांना इस्त्री करत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, “अहो, आईला भेटायला मला परवानगी मागावी लागेल असं कधी वाटलं नव्हतं.” यावर मी काय बोलणार?

शेवटी भावाने शस्त्रक्रिया उरकून घेतली आणि आम्ही 22 तारखेपर्यंत थांबलो.

कचेरीतल्या बाई पन्नाशीच्या, चष्मा नाकावर. त्यांनी तिन्ही पासपोर्ट शेजारी मांडले आणि विचारात पडल्या. “आपल्या पत्नीचं दुसरं नाव पुरुषाचं. मुलीचंही तेच. आणि ते तर आपलं पहिलं नाव!” मी मोडक्या जर्मनमध्ये सांगितले, “आमच्याकडे मधलं नाव बापाचं, लग्नानंतर नवऱ्याचं.” त्यांनी माझे मधले नाव पाहिले. “म्हणजे हे आपले वडील?” होय म्हटल्यावर त्या हसल्या. “एका पासपोर्टात अर्धं घर बसवलंय तुम्ही!” मग सौ.च्या आणि कन्येच्या दोन्ही तर्जन्यांचे ठसे झाले, पत्नीचे 100 युरो नि मुलीचे 50 भरले, आणि बाई म्हणाल्या, “कार्ड बर्लिनच्या सरकारी छापखान्यातून येईल. चार ते सहा आठवडे.”

इथे सौ.ने पिशवीतून मिरजेच्या इस्पितळाचा कागद काढला. तो इंग्रजीत होता. बाईंनी तो शांतपणे वाचला, आणि कपाटातून एक घडीचा छापील कागद काढला. त्याचे नाव ‘फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग’. शब्दशः अर्थ करायचा तर ‘कल्पित धरल्याचा दाखला’. परवाना नाही, पण आहे असे मानायचे! कागदावर तीन चौकोन होते. पहिल्यावर खूण झाली तर माणूस देशात राहू शकतो, पण बाहेर गेल्यास त्या कागदावर परत येता येत नाही. तिसरा चौकोन परकीयांच्या कायद्यातील कलम 81, पोटकलम 4 चा. व्हिशाच्या मुदतीतच अर्ज केला असल्याने जुना हक्क निकाल लागेपर्यंत चालू राहतो, जाऊन परत येता येते. बाईंचे पेन तिसऱ्या चौकोनापाशी गेले तेव्हा सौ.ने माझा हात केवढ्याने दाबला! दाखल्याचे 13 युरो झाले. “व्हिसा संपलेला दिसला तरी पासपोर्टाबरोबर हा कागद दाखवा, आणि फ्रँकफुर्टला थेट येणारंच विमान घ्या,” हा सल्ला फुकट मिळाला.

दुसऱ्याच दिवशी ती निघाली. मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने मिरज.

27 ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होते. बापलेकीने स्वयंपाकघराच्या खिडकीत पणती लावली, शिरा करपवला, आणि संध्याकाळी सहाला ठरल्याप्रमाणे आजीला फोन केला. सौ. कुजबुजली, “अहो, इथे साडेदहा वाजलेत, आई झोपली!” इथली घड्याळे त्याच पहाटे तासभर मागे गेली होती, आणि साडेतीन तासांचे अंतर साडेचार झाले होते. मला पत्ताच नाही. कन्या रडली. मग आजीला फोनवरूनच झोपलेली दाखवली, तेव्हा गप्प झाली.

17 नोव्हेंबरला परत येताना मुंबईच्या विमानतळावर व्हायचे तेच झाले. खिडकीवरच्या मुलाने व्हिसा पाहिला आणि मान हलवली. दाखला जर्मनमध्ये, तो त्याला उलटा-सुलटा करून पाहतोय. वरिष्ठ आले, फोनाफोनी झाली. सौ. तिसऱ्या चौकोनावर बोट ठेवून अर्धा तास उभी राहिली. बोट काढले नाही, असे ती सांगते. फ्रँकफुर्टला अंमलदाराने तोच कागद बघून मिनिटात शिक्का मारला.

नोव्हेंबरअखेर दोघींची कार्डे हाती आली. संध्याकाळी आम्ही ती फोनवर सासूबाईंना दाखवली. त्या तोवर वॉकर धरून चार पावले टाकू लागल्या होत्या. त्यांनी नातीचे कार्ड निरखून पाहिले आणि विचारले, “पोरीला हसू दिलं नाही का रे तिथे कुणी?”