पुरावा त्यांच्याच नकाशात होता

"ताई, तिथे स्मशान होतं याला पुरावा काय?"

सुनावणीच्या खोलीत टेबलापलीकडे बसलेल्या अधिकाऱ्यांनी हा प्रश्न विचारला, तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता. हजार वेळा विचारलेला प्रश्न जसा सवयीने विचारला जातो, तसाच तो होता. माझ्या शेजारी वडील बसले होते. ते हळूच म्हणाले, "माझी बहीण आहे तिथे." हे वाक्य इतिवृत्तात लिहिले गेले नाही. लिहिणार तरी कुठल्या रकान्यात?

जागा आमच्या शहराच्या पूर्वेला, ओढ्याच्या काठी आहे. आज तिथे बाभळी आणि वेडी झाडे आहेत. आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत समाजातल्या माणसांना माती द्यायची ती इथेच, कारण गावाच्या स्मशानात आम्हाला जागा नव्हती. 1972च्या दुष्काळात माझी आत्या गेली. तेव्हा ती दोन वर्षांची होती. वडील सांगतात, खड्डा खणायला माणसे मिळाली नाहीत, सगळी रोजगार हमीच्या खडी फोडण्यावर गेली होती. आजोबांनी एकट्याने खणला. वर ठेवलेला दगड पुढे पुरात वाहून गेला.

विकास आराखड्यात या जमिनीवर फक्त "खुली जागा" असे लिहिले आहे. गेल्या वर्षी नगरपरिषदेने ते आरक्षण बदलून तिथे कार्यालय संकुल बांधण्याचा प्रस्ताव आणला. बातमी आम्हाला कोणी सांगितली नाही. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि हरवले-सापडलेच्या मध्ये, बारीक अक्षरांत सूचना होती. ती माझ्या नजरेला पडली तेव्हा हरकत घेण्याची मुदत संपायला नऊ दिवस उरले होते.

मित्रांनो, इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 याच्या कलम 37 प्रमाणे आराखड्यात असा फेरबदल करायचा असेल, तर नियोजन प्राधिकरणाला राजपत्रात सूचना देऊन हरकती मागवाव्या लागतात. मुदत एक महिन्याची असते. बाधित लोकांना सुनावणी द्यावी लागते. मग प्रस्ताव शासनाच्या मंजुरीसाठी जातो. म्हणजे निर्णय होण्यापूर्वी आपले म्हणणे ऐकण्याची सोय कायद्यातच आहे. पण त्या एका महिन्यात आपल्या वस्तीतून एकही कागद गेला नाही, तर "कोणाचीही हरकत नाही" असे लिहून फाईल पुढे सरकते. जेसीबी आल्यावर आपण रस्त्यावर उतरतो, आणि तोवर सगळे कायदेशीर झालेले असते.

त्या रात्री विहारात बैठक झाली. तरुणांचे म्हणणे होते, मोर्चा काढू. एका ज्येष्ठ उपासकांचे म्हणणे वेगळे होते: "आपण बौद्ध झालो. सगळं अनित्य आहे हे जाणणारी माणसं आपण. हाडांना काय धरून बसायचं? आणि 'महारांचं स्मशान' ही ओळख टिकवायला कशाला भांडायचं? ती तर आपण 1956ला सोडली." एक मुलगा म्हणाला, "ताई, ऑफिसं झाली तर चार पोरांना काम लागेल." हे तिन्ही मुद्दे मनात घोळवत मी घरी आले. त्यांना उत्तर देणे सोपे नव्हते, आणि उत्तर न देता हरकत लिहिणे मला प्रामाणिक वाटत नव्हते.

झोप लागत नव्हती. समाजशास्त्राच्या एम.ए.ला असताना वाचलेले न्यूयॉर्कचे एक प्रकरण आठवले, आणि मी जुन्या टिपणांच्या वह्या काढून बसले.

1991 साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने न्यूयॉर्कमध्ये, मॅनहॅटनच्या दक्षिण भागात ब्रॉडवेवर 34 मजली सरकारी कार्यालय बांधायला घेतले. जागा महापालिकेच्या मुख्यालयापासून हाकेच्या अंतरावर. 1755च्या एका नकाशात त्या ठिकाणी "निग्रो दफनभूमी" अशी नोंद होती. 1697 साली शहरातल्या ट्रिनिटी चर्चने आपल्या आवारात काळ्या माणसांना पुरायला बंदी घातली होती. त्यामुळे गुलाम आणि मुक्त आफ्रिकी आपली माणसे शहराच्या बाहेर नेऊन पुरत. अंत्ययात्रेला बारापेक्षा जास्त माणसे नकोत, रात्री दफन नको, असेही नियम त्यांच्यावर लादलेले होते. गावकुसाबाहेरचे जगणे आणि गावकुसाबाहेरचे मरण, हे आपल्याला वेगळे समजावून सांगायची गरज नाही. गुलामगिरी आणि अस्पृश्यता एकच नव्हेत, बाबासाहेबांनी दोन्हींतला फरक सविस्तर मांडलेला आहे. पण मेलेल्या माणसालाही आपल्या शेजारी जागा न देण्याची वृत्ती दोन्हीकडे सारखीच दिसते.

1790च्या दशकात ती दफनभूमी बंद झाली. जमिनीचे प्लॉट पडले, भराव टाकला गेला, वर दुकाने आणि इमारती उभ्या राहिल्या. बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, ते याच मॅनहॅटनच्या उत्तर भागात. त्या वेळी ही दफनभूमी शहराच्या पोटात गाडली गेली होती आणि शहर तिला विसरले होते.

सरकारी बांधकामापूर्वी ऐतिहासिक स्थळावर काय परिणाम होईल हे तपासण्याचा कायदा अमेरिकेत 1966 पासून आहे. या प्रकल्पातही तपासणी झाली. जुना नकाशा पाहिला गेला. पण निष्कर्ष असा काढला की नंतरच्या इमारतींच्या तळघरांनी सगळ्या कबरी नष्ट केल्या असतील. म्हणजे काम थांबवायचे कारण नाही. प्रत्यक्षात खोदकाम सुरू झाले आणि भरावाच्या खाली, वीस फुटांच्या आसपास, सांगाडे मिळू लागले. जो भराव स्मृती पुसायला कारण झाला, त्यानेच कबरी राखून ठेवल्या होत्या. एकूण 419 माणसांचे अवशेष बाहेर काढले गेले. त्यांतला मोठा भाग लहान मुलांचा होता. हे वाचताना मला दुष्काळात गेलेली, मी कधी न पाहिलेली आत्या आठवली.

काळ्या समाजाने प्रश्न विचारायला सुरुवात केली. कोणाला विचारून खोदता? अवशेष कोणाच्या ताब्यात? अभ्यास कोण करणार? लोक जागेवर जमले, प्रार्थना केल्या, निदर्शने केली. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर डेव्हिड डिंकिन्स यांनी काम थांबवण्याची मागणी केली. जुलै 1992 मध्ये काँग्रेस सदस्य गस सॅव्हेज यांनी आपल्या उपसमितीची सुनावणी लावली आणि बांधकाम करणाऱ्या सरकारी यंत्रणेला बजावले की असेच चालले तर पुढच्या प्रकल्पांना मंजुरी मिळणार नाही. काही दिवसांतच त्या भागातले खोदकाम थांबले. त्याच वर्षी कायदा होऊन स्मारकासाठी पैसे मंजूर झाले. 1993 साली शहराच्या वारसा आयोगाने तो परिसर ऐतिहासिक म्हणून जाहीर केला, आणि "निग्रो दफनभूमी"ची "आफ्रिकी दफनभूमी" झाली.

अवशेष हॉवर्ड विद्यापीठात, मायकेल ब्लेकी या कृष्णवर्णीय मानववंशशास्त्रज्ञाकडे गेले. त्यांच्या चमूने संशोधनाचे प्रश्न ठरवताना समाजालाही विचारले. ही माणसे आली कुठून, ती जगली कशी, त्यांनी प्रतिकार कसा केला? 2003 साली ते अवशेष सन्मानाने पुन्हा त्याच भूमीत पुरले गेले. 2006 साली ते राष्ट्रीय स्मारक झाले.

आता कटू भाग सांगते. 34 मजली इमारत उभी राहिलीच. आज ती तिथे आहे. वाचला तो शेजारच्या छोट्या इमारतीसाठी ठेवलेला तुकडा, आणि तोही शेकडो कबरी उघडल्यानंतर. नकाशा आधीपासून सरकारच्या हातात होता. ज्यांची माणसे तिथे पुरलेली होती, त्यांच्यापुढे तो कुदळ पडण्याआधी ठेवला असता, तर एकही कबर उघडावी लागली नसती.

दुसऱ्या दिवशी मी भूमी अभिलेख कार्यालयात गेले. जुन्या नगर भूमापनाच्या नकाशाची प्रमाणित नक्कल मागितली. तीन खेटे घातले. शेवटी नक्कल हातात आली, तर ओढ्याच्या काठी, आमच्या बाभळीच्या जागी, मोडक्या अक्षरांत लिहिले होते: "महार स्मशान". वडिलांनी त्या दोन शब्दांवर बोट ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही.

आता बैठकीतल्या मुद्द्यांकडे येते.

मोर्चा काढू म्हणणाऱ्यांना विरोध नाही. न्यूयॉर्कमध्ये लोक जमले नसते तर सुनावणी कोणी लावली नसती. पण नऊ दिवसांच्या आत गेलेला कागद नसेल, तर मोर्चाच्या हातात काही उरत नाही.

अनित्यतेचा मुद्दा खरा आहे. पण तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर अस्थींचे आठ भाग झाले आणि त्यांवर स्तूप उभे राहिले, हेही आपल्याच परंपरेत आहे. दादरची चैत्यभूमी म्हणजे तरी काय? 7 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांवर जिथे अग्निसंस्कार झाले ती जागा. "स्मशानच तर आहे" असे त्या वेळी आपल्या लोकांनी म्हटले असते, तर आज 6 डिसेंबरला आपण कुठे जमलो असतो? आपण हाडांना चिकटत नाही. तिथे काय घडले ते पुढच्या पिढीला सांगण्यासाठी जागा राखतो. "महार स्मशान" हे शब्द अभिमानाची ओळख म्हणून मला नको आहेत. या शहराने माणसांची मातीसुद्धा वेगळी केली होती याचा सरकारी पुरावा म्हणून मला ते हवे आहेत. ते पुसले गेले, तर उद्या कोणी सहज म्हणेल की इथे जातीभेद कधी नव्हताच.

आणि कामाचे म्हणशील भावा, तर ऑफिसे व्हावीत. आम्ही हरकतीत तेच लिहिले आहे. शहरात नगरपरिषदेच्या इतर जागा आहेत, संकुल तिकडे न्या. त्याआधी या जमिनीची तज्ज्ञांकडून पाहणी करा, स्मशानाची हद्द आखा, आराखड्यात नोंद घ्या, आणि समाजाला विचारल्याशिवाय कुदळ मारू नका.

आपल्या देशात वारसा म्हटले की किल्ले, मंदिरे, वाडे आठवतात. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या 200 मीटरवर नियंत्रण आहे. पण हे संरक्षण कोणाला? ज्यांच्याकडे दगड घडवायची सत्ता होती, त्यांना. ज्यांच्या कबरीवरचा दगड पुरात वाहून गेला, त्यांचा वारसा कागदावर आणल्याशिवाय कायद्याला दिसत नाही.

म्हणून सुनावणीत अधिकाऱ्यांनी पुराव्याचा प्रश्न विचारला, तेव्हा मी काही बोलले नाही. नकाशाची नक्कल टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा लावला, शिक्का पाहिला, ओढा पाहिला, मग ते दोन शब्द वाचले. "हे आमच्याकडे कसं नाही आलं?" ते शेजारच्या कर्मचाऱ्याला म्हणाले. नक्कल फाईलला जोडली गेली. निर्णय अजून झालेला नाही, प्रस्ताव शासनाकडे आहे. लढाई जिंकली असे मी म्हणत नाही. पण "कोणाचीही हरकत नाही" हे वाक्य त्या फाईलमध्ये आता कोणाला लिहिता येणार नाही.

तुमच्या गावात, शहरात अशी जागा असेल. स्मशान, जुनी चावडी, वेगळा पाणवठा, बाबासाहेबांची सभा झालेले मैदान. जेसीबी यायची वाट पाहू नका. या महिन्यात भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन जुन्या नकाशाची नक्कल काढा. मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना त्या जागेवर घेऊन जा, ती काय सांगतात ते तारीख घालून लिहून घ्या. आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवरच्या बारीक सूचना वाचायचे काम वस्तीतल्या एका तरी मुलीकडे किंवा मुलाकडे सोपवा.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे आपण रोज म्हणतो. सरकारी नकाशा वाचायला शिकणे हेही त्या शिकण्यातच येते.

जय भीम!