आम्ही मायलेक बोटीने गोव्याला गेलो

रायगड जिल्हा म्हटला की बाहेरच्या माणसाला समुद्र आठवतो. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन ही नावे त्याच्या तोंडी येतात. पण आमचे कर्जत आणि खालापूर हे तालुके डोंगराच्या कुशीतले. खालापूरची पाताळगंगा धरमतरच्या खाडीला मिळते, कर्जतची उल्हास वसईच्या खाडीला. आमच्या शेतांवरचे पाणी दर पावसाळ्यात समुद्राला जाते, माणसे मात्र क्वचितच जातात. माझे माहेर खालापूरकडचे, सासर कर्जतकडचे. वयाची अडतीस वर्षे होईपर्यंत मी समुद्र पाहिला तो एकदाच, लग्नानंतर अलिबागला, तोही किनाऱ्यावरून. अशी बाई सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन गोव्याच्या बोटीत बसायला निघाली, तेव्हा गावात बोलणे होणारच. ते काय झाले आणि त्या प्रवासातून आम्हाला काय मिळाले, हे सांगावेसे वाटते. एकट्याने मुले वाढवणाऱ्या बायका गावोगावी आहेत, पुरुषही आहेत. त्यांच्या उपयोगी पडले तर बरेच.

माझे यजमान २०१४ च्या पावसाळ्यात, लावणी नुकतीच आटोपली असताना, अकस्मात गेले. मुलाला तेव्हा बारावे वर्ष चालू होते. तेराव्याला जमलेल्या प्रत्येकाने त्याच्या पाठीवर हात ठेवून एकच वाक्य म्हटले, "आता तूच घरातला कर्ता रे बाबा." आपल्याकडे धीर द्यायला असेच म्हणतात, म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण बारा वर्षांच्या पोराला ते वाक्य खरे वाटते.

माझ्या मुलालाही ते खरे वाटले. भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातून सुटलेले पाणी राजनाल्याने आमच्या शिवारात येते, म्हणून आम्ही उन्हाळी भातही घेतो. त्या पाण्याच्या पाळीला हा रात्री बॅटरी घेऊन एकटा बांधावर जाऊ लागला. भाताच्या हिशेबाची वही त्याने आपल्याकडे घेतली. जत्रेत नेले तर म्हणे, "मला काही नको." चपला झिजल्या तरी सांगत नसे. गाव कौतुक करी, "पोरगं किती समजूतदार!" मलाही त्याचा आधार वाटे. पण आमच्या दोघांत बोलणे म्हणून उरले होते ते एवढेच : पाणी फिरवलेस का, खत आणलेस का, म्हशीला पेंड घातलीस का. हसणे असे घरात राहिलेच नव्हते.

ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई ते गोवा 'आंग्रिया' नावाची बोट सुरू झाली. कान्होजी आंग्र्यांचे नाव दिलेली, एकशेचार खोल्यांची, आत उपाहारगृह, पोहण्याचा हौद असलेली. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला होता. मुलाने बातमी मोठ्याने वाचून दाखवली आणि "आपल्याला काय त्याचं" म्हणून पेपर बाजूला ठेवला. चार दिवसांनी त्याचे दप्तर आवरताना पाहिले, तर तो फोटो कापून वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेला. सोळा वर्षांच्या मुलाने चार वर्षांत स्वतःसाठी काही मागितले असेल तर ते एवढेच, आणि तेही न बोलता. मी त्याच दिवशी मनाशी ठरवले.

पैशाचा प्रश्न होताच. बचत गटात माझी दोन वर्षांची शिल्लक होती, आणि वालाचे थोडे पैसे वेगळे ठेवले होते. सर्वांत स्वस्त जागा धरून दोघांचा जाण्यायेण्याचा खर्च काढला, तो आमच्या दुभत्या म्हशीच्या किमतीच्या पाव हिश्शाइतका आला. एक पैसा कर्ज काढायचे नाही, आणि बियाणे-खताच्या पैशाला हात लावायचा नाही, एवढे नक्की केले.

जाऊबाई म्हणाल्या, "नवरा नाही, आणि गोव्याला कसली जातेस? लोक काय म्हणतील?" मी म्हटले, "पंढरीला गेले असते तर लोक काही म्हणाले नसते. मुलाला घेऊनच जातेय, दोन दिवसांत येतेय." सासूबाईंचे कारण निराळे होते. त्यांनी 'रामदास'चे नाव काढले. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेच्या वर माणसे गेली. आमच्या जिल्ह्यात घरोघरी ही गोष्ट सांगितली जाते. सासूबाईंनी त्यांच्या आईकडून ऐकलेली. त्यांना हसण्यावारी नेणे बरे नव्हते. मी त्यांना समजावले, की 'रामदास' भर पावसाळ्यात, खवळलेल्या दर्यात गेली होती. आपण जाणार पौषात, समुद्र शांत असताना. त्या काही क्षण गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "म्हशीचं मी बघते. पण नारळ घेऊन जा."

वेळही शेतकऱ्याच्या सोयीची निवडली. झोडणी संपून भात घरात आले होते, संक्रांत झाली होती, उन्हाळी लावणीची रोपे अजून वाढायची होती. अकरावीला परीक्षेची घाई नव्हती. जानेवारी २०१९ मध्ये आम्ही सकाळच्या लोकलने निघालो, भायखळ्याला उतरून टॅक्सीने धक्का गाठला. निघण्यापूर्वी मी मुलाला म्हटले, "तिकिटं आणि आधार कार्डं तुझ्याकडे. पैसे माझ्याकडे. बाकी कुठलंच काम दोघांकडेही नाही." हे वाक्य मी आदल्या रात्री ठरवून ठेवले होते.

बोट सुटायची ती जागा भाऊच्या धक्क्याजवळच. सासूबाईंची आठवण झाली. पण बोटीवर गेल्यावर पहिले काम झाले ते जीव वाचवण्याचे जाकीट कसे घालायचे, भोंगा झाला तर कुठे जमायचे, हे दाखवण्याचे. माझी भीती तिथेच निम्मी गेली. दुपारी चारच्या सुमारास बोट हलली. मुंबईच्या इमारती मागे सरकू लागल्या, आणि थोड्या वेळाने मोबाइलची रेंजही गेली. आता कुणी "पाणी आलं का" म्हणून विचारणार नव्हते.

ऊन उतरताना डाव्या हाताला खांदेरी दिसली. मुलगा एकदम बोलू लागला. शिवाजी महाराजांनी १६७९ साली तिथे किल्ला बांधायला घेतला, इंग्रजांनी अडवायचा प्रयत्न केला तरी तो उभा राहिला, पुढे कान्होजींचे आरमार या पाण्यावर फिरले, आज त्या बेटाला कान्होजी आंग्रे बेट म्हणतात. शाळेच्या सहलीत त्याने अलिबागला कान्होजींची समाधी पाहिली होती, ते सगळे त्याला पाठ होते. शेजारी उभे असलेले दोन-तीन लोक ऐकत होते. मी नारळ समुद्रात सोडला आणि त्याच्याकडे पाहत राहिले. खत आणि पाणी सोडून तो इतके बोलतो, हे ऐकायला मला बोटीवर यावे लागले.

रात्री मात्र आमच्या कर्त्या पुरुषाला बोट लागली. जेवण पोटात ठरेना, चेहरा पांढरा पडला. मी आलेपाक नेला होताच. अशा वेळी बोटीच्या मधल्या भागात, मोकळ्या हवेत बसावे आणि नजर दूर एका जागी ठेवावी, असे तिथल्या एका कर्मचाऱ्याने सांगितले. तसे आम्ही बाहेर येऊन बसलो. त्याने माझ्या मांडीवर डोके ठेवले. बाप गेल्यापासून त्याने असे केले नव्हते. किनाऱ्यावर कुठे तरी एका दीपगृहाचा दिवा फिरत होता.

तसाच पडल्या पडल्या तो म्हणाला, "आई, मी बारावीला बसणार नाही. काकांनी फार्महाऊसवर काम बघितलंय. महिन्याला नऊ हजार देतात. तू एकटी किती करशील?"

आमच्या दोन्ही तालुक्यांत मुंबईकरांची फार्महाऊस झाली आहेत. तिथे रखवालीचे, बागेचे काम मिळते, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण शिकायच्या वयातल्या मुलाने घरासाठी म्हणून त्यात अडकावे, हे मला पटणारे नव्हते. घरी हे बोलणे झाले असते तर चुलीवर काही तरी उतू गेले असते, म्हैस हंबरली असती, नाही तर कुणी शेजारी दारात आले असते. इथे उठून जायला जागाच नव्हती. मी "नाही" म्हटले नाही. म्हटले, "हिशेब मांडू या."

त्याने तिकिटाच्या कागदामागे लिहायला घेतले. भाताचे आकडे त्याला तोंडपाठ होते, पण दुधाचा आणि वालाचा हिशेब माझ्या वहीत असे. या दोन वह्या कधी एकत्र आल्याच नव्हत्या. तो फक्त भातावरून घर तोलत होता, म्हणून त्याला वाटे की चूल पेटते ती उधारीवर. दूध, वाल आणि गटाची शिल्लक मांडली, त्यातून कॉलेजची फी आणि एसटीचा पास वजा केला. खाली उरले ते थोडे होते, पण उरत होते.

मग मी त्याला म्हटले, "बाळा, घरातली कर्ती मी आहे. तू मुलगा आहेस. रात्रीचं पाणी मी बघेन, नाही तर गडी लावू. तुझ्याकडे रविवार." तो काही बोलला नाही. कागदाची घडी घालून त्याने खिशात ठेवली आणि तिथेच झोपला. वाऱ्याने गार लागायला लागले तेव्हा त्याला उठवून आत नेले.

सकाळी समुद्र शांत होता. तो बरा होऊन पोह्यांच्या दोन बशा खाऊन आला आणि हौदावर त्याच्या वयाची दोन मुले भेटली, त्यांच्यात मिसळला. आमच्या नदीत पोहणारे पोर ते, त्याला पाण्याचे काय? मी चार हाका मारल्या तरी आला नाही. एरवी एका हाकेला येणारा मुलगा! त्या दिवशी त्याचे न ऐकणे मला फार आवडले.

मुरगावला उतरलो, वास्कोहून बसने मडगावला गेलो, गावात हिंडलो, सासूबाईंसाठी काजू घेतले आणि संध्याकाळच्या कोकणकन्येने पहाटे पनवेल गाठले. तिथून एसटीने घरी. म्हैस व्यवस्थित होती, रोपे हिरवीगार होती, आणि गाव होते तिथेच होते.

पुढे तो बारावी झाला, मग त्याने कृषी पदविका केली. आज तो रसायनीकडे एका कंपनीत नोकरी करतो आणि दोन्ही लावण्यांना रजा काढून येतो. हे सगळे बोटीमुळे झाले असे मी म्हणणार नाही, अभ्यास त्याने केला. पण त्या रात्रीनंतर घरात एकच वही झाली, आणि ती दोघांनी वाचायची असे ठरले. रोजच्या बोलण्यात पाणी आणि पेंड सोडून आणखीही काही येऊ लागले.

ज्यांना जावेसे वाटेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. 'आंग्रिया' २०२० सालच्या कोरोनात बंद पडली. २०२१ पासून 'कॉर्डेलिया' या कंपनीच्या मोठ्या बोटीने मुंबईहून गोव्याच्या फेऱ्या सुरू केल्या, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई बंदरात नव्या क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. चौकशी करताना जेवण, कर आणि बंदराचे शुल्क तिकिटात धरले आहे का, हे आधी विचारावे. देशातल्या देशात गोव्याला जायला पासपोर्ट लागत नाही, पण दोघांचीही फोटो असलेली ओळखपत्रे लागतात. परदेशी जाणाऱ्या बोटीला मात्र पासपोर्ट हवा. डिसेंबर २०१६ च्या नियमांपासून पासपोर्टच्या अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव दिले तरी चालते, त्यामुळे विधवा किंवा घटस्फोटित बाईने अडून राहायला नको. मुलाच्या जन्माच्या दाखल्याची प्रत आणि, यजमान नसतील तर, त्यांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत पिशवीत ठेवावी.

एवढा खर्च झेपणार नसेल, तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट सुरू झाली आहे. तासाभराचा प्रवास आहे, सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी घरी येतो. बोट लहान की मोठी, त्याला फारसे महत्त्व नाही. मुलाला घेऊन अशा ठिकाणी जावे, जिथे त्याला सांगण्यासारखे एकही काम आपल्यापाशी नसेल. मग तो काय बोलतो ते ऐकावे. आणि हिशेबाची वही मात्र बरोबर न्यावी.