बाग विकू नका

आईच्या छातीत दुसऱ्यांदा पाणी झालं, तेव्हा जालन्याच्या डॉक्टरांनी ते काढून पेशींच्या तपासणीला पाठवलं. तोवर टीबीच्या गोळ्या चालू होत्या. खोकला, उतरलेलं वजन, छातीत पाणी म्हटलं की आपल्याकडं पहिला संशय टीबीचा. फुफ्फुसाच्या कॅन्सरचीही लक्षणं नेमकी हीच. रिपोर्टमध्ये ‘ॲडिनोकार्सिनोमा’ आलं, म्हणजे कॅन्सरचाच एक प्रकार. आईनं जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता. चुलीच्या धुरात मात्र सगळं आयुष्य गेलेलं.

घरात लगेच दोन पक्ष पडले. मामा म्हणाले, “मोसंबीची बाग विकू, पण पुण्याला नेऊन ऑपरेशन करू.” काका म्हणाले, “या वयात चिरफाड नको, झाडपाल्याचं बघू.” शेवटी देवगिरी एक्सप्रेसनं मुंबई गाठली. मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, इलाज परळच्या टाटा हॉस्पिटलात.

तिथं एकेका अवयवाच्या कॅन्सरसाठी डॉक्टरांचा वेगळा गट असतो. सर्जन, किमोचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर आणि स्कॅन व बायोप्सी वाचणारे तज्ज्ञ मिळून केस पाहतात आणि उपचार ठरवतात. आईच्या बाबतीत ठरलं : ऑपरेशन नाही. मामांना पटेना. त्यांनी सर्जनलाच गाठलं. “साहेब, बाग विकू, पैशाची सोय आहे.”

सर्जन म्हणाले, “पाण्यात पेशी सापडल्यात. म्हणजे आजार फुफ्फुसाच्या आवरणात पसरलाय. गाठ काढली तरी तो मागं राहणारच. बाग विकू नका.”

ज्याच्या हातात सुरी, तोच नको म्हणतोय म्हटल्यावर मामांचा आग्रह तिथंच संपला.

पुढं जनुकीय तपासणीत ‘ईजीएफआर’ नावाच्या जनुकात बदल सापडला. भारतात ॲडिनोकार्सिनोमाच्या साधारण चारातल्या एका पेशंटमध्ये तो आढळतो. बायकांत आणि धूम्रपान न करणाऱ्यांत जास्त. त्यावर जेफिटिनिब ही रोज एक गोळी सुरू झाली. अंगावर पुरळ आलं, जुलाब झाले, पण खोकला बसला. मणक्याच्या दुखण्यासाठी रेडिएशन लागलं. ते छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात झालं. जालन्याहून साठेक किलोमीटर.

गोळी चालू होतानाच आम्हाला पॅलिएटिव्ह, म्हणजे पेशंटचा त्रास कमी करणाऱ्या विभागातही पाठवलं. मला वाटलं, हे शेवटचं दार. पण तिथल्या डॉक्टरबाईंनी आईलाच विचारलं, “मावशी, जास्त त्रास कशाचा होतो?”

“आडवं पडलं की दम कोंडतो बाई. रातभर बसून काढते.”

हे आम्हा कुणालाच तिनं सांगितलं नव्हतं. आमच्यात तर बागेवरूनच वाद चालला होता. नंतर वाचनात आलं, 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, पसरलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये पॅलिएटिव्ह सेवा सुरुवातीपासून मिळालेल्या पेशंटपैकी निम्मे 11.6 महिन्यांहून जास्त जगले, इतरांपैकी निम्मे 8.9 महिन्यांहून जास्त.

एकट्या डॉक्टरनं ऑपरेशनला नकार दिला असता, तर आम्ही दुसरा डॉक्टर शोधला असता. आणि दुसरा मिळतोच. सगळ्यांनी मिळून नकार दिला म्हणून जमीन राहिली, आणि त्याच बागेच्या उत्पन्नावर आईचं येणं-जाणं, औषधपाणी निभावलं.

गावात आता कुणी रिपोर्ट घेऊन माझ्याकडं आलं, की मी दोनच गोष्टी सांगतो. टीबीच्या गोळ्यांनी उतार पडत नसेल, तर पुढची तपासणी लांबवू नका. आणि ऑपरेशनचा खर्च विचारण्याआधी हे विचारा, की ही केस किती डॉक्टरांनी मिळून पाहिली?